गोळी कुणाच्या दातांत?

पहिल्या नोकरीतला तिसरा आठवडा होता. क्लायंटच्या कॉलवर वीसेक जण होतो, मी अर्थात म्यूटवर. पलीकडून एक शांत आवाज म्हणाला, या जुन्या सिस्टिमला ठिगळं लावण्यात आता अर्थ नाही, 'वी विल हॅव टु बाइट द बुलेट.' सगळ्यांनी माना हलवल्या. मीही हलवली, कॅमेरा बंद असताना. मग टेबलाखाली फोन धरून शोधलं. येवल्यात मराठी माध्यमात शिकलेल्या माझ्या डोक्यात बुलेट दोनच होत्या. एक बंदुकीतली आणि दुसरी आमच्या गल्लीतल्या एका पोराची, जी सकाळी सहाला सगळ्यांना उठवायची. दोन्हींपैकी एकही चावण्यासारखी नव्हती.

अर्थ कळला. नकोशी पण न टळणारी गोष्ट दात घट्ट मिटून पार पाडणे. मला तो इतका आवडला की वर्षभरात मी तो सगळीकडे वापरायला लागलो. आमच्यासारख्यांना इंग्रजी बोलताना असे तयार तुकडे फार कामाला येतात. तेवढा भाग तरी व्याकरणात चुकणार नाही याची खात्री असते, आणि माणूस जरा वरच्या पदावरचा वाटतो. डेटाबेस बदलायचाय, बाइट द बुलेट. शनिवारी यायचंय, बाइट द बुलेट. घरभाडं वाढलं तेव्हा रूममेटलाही मी हेच ऐकवलं होतं.

मागच्या वर्षी मात्र त्या शब्दांनी मला पकडलं.

आमच्या टीममध्ये एक लातूरकडचा पोरगा होता, कॉलेज संपून दोन वर्षं झालेली. पैशांच्या व्यवहारांचा ताळमेळ घालणारी एक जुनी सिस्टिम आम्ही नव्यावर नेत होतो. रात्रभर कुणीतरी जागं राहणं भाग होतं आणि बहुतेक रात्री त्याच्याच वाट्याला आल्या होत्या. एकदा तो माझ्या डेस्कपाशी येऊन उभा राहिला. म्हणाला, "दादा, पुढच्या महिन्यापासून माझी रात्रीची पाळी बदलता येईल का? झोप होत नाहीये, डोकं चालत नाही." मी स्क्रीनवरून नजर न काढता म्हणालो, "अरे, तीनच महिन्यांचा प्रश्न आहे. लेट्स जस्ट बाइट द बुलेट." तो "ओके दादा" म्हणाला आणि गेला.

तीन महिन्यांचे सात झाले. त्याने पुन्हा विचारलं नाही. वार्षिक मूल्यमापनाच्या फॉर्ममध्ये मी त्याच्याबद्दल कौतुकाने लिहिलं की हा कधीच तक्रार करत नाही. त्यानंतर दोन महिन्यांनी त्याने राजीनामा दिला. शेवटच्या दिवशी टपरीवर चहा पिताना सहज बोलता बोलता कळलं की त्या सात महिन्यांत त्याच्या वडिलांचं डायलिसिस सुरू झालं होतं. रात्री काम, दिवसा हॉस्पिटल. मी म्हणालो, "अरे, मग सांगायचं ना!" तो म्हणाला, "पाळी बदला म्हणून विचारलं होतं ना दादा. तुम्ही म्हणालात थोडं सहन करू, म्हणून केलं." त्याच्या आवाजात टोमणा नव्हता. तो असता तर मला बरं वाटलं असतं.

त्या रात्री मी पुन्हा तेच शोधायला बसलो जे पहिल्या नोकरीत टेबलाखाली शोधलं होतं. या वेळी अर्थ शोधत नव्हतो. ही गोळी आली कुठून, आणि ती कुणी कुणाच्या तोंडात दिली, हे मला बघायचं होतं.

*

येवल्याचा माणूस म्हणून आधी सापडलेली कथा मला भलतीच आवडली. इंटरनेटवर बऱ्याच ठिकाणी लिहिलेलं असतं की हा वाक्प्रचार १८५७ च्या उठावातून आला. नव्या एनफिल्ड रायफलचं काडतूस म्हणजे कागदाची पुरचुंडी, तिच्यात दारू आणि गोळी. पुरचुंडी दातांनी फाडायची, दारू नळीत ओतायची, गोळी ठासायची. कागदाला गायीची आणि डुकराची चरबी लावलीय अशी बातमी छावण्यांत पसरली, आणि पुढचं आपण सगळ्यांनी शाळेत पाठ केलेलं आहे. त्या युद्धातले तात्या टोपे मूळचे आमच्या येवल्याचे. नाव रामचंद्र पांडुरंग येवलकर. लहानपणी वडिलांबरोबर दुसऱ्या बाजीरावाच्या आश्रयाला बिठूरला गेले आणि १८ एप्रिल १८५९ ला शिवपुरीत फासावर गेले. शाळेत प्रत्येक १५ ऑगस्टला कुणीतरी एक जण तात्या टोपे व्हायचाच. पुण्यातल्या एसी ऑफिसात ज्या शब्दांनी मी एका पोराला गप्प केलं, त्यांचा धागा थेट माझ्या गावापर्यंत जातोय असं वाटून मी अर्धा तास खूश होतो.

पण ते खरं नाही. एक तर सैनिक काडतुसाचा कागद चावायचे, गोळी नाही. दुसरं म्हणजे गोळी चावण्याची नोंद १८५७ च्या खूप आधीची आहे. आणि तिसरं कारण मला नंतर सुचलं: १८५७ मध्ये शिपायांनी चावण्याला नकार दिला. मेरठला २४ एप्रिल १८५७ ला तिसऱ्या घोडदळ पलटणीतल्या नव्वद स्वारांना कवायतीला उभं केलं, त्यातल्या पंच्याऐंशी जणांनी काडतूस घ्यायलाच नाही म्हटलं. त्या दिवशी त्यांना ते दातांनी फाडायचंही नव्हतं. सरकारने तोवर सवलत दिली होती की दातांनी नको तर हाताने फाडा, आणि तीच नवी पद्धत दाखवायला ती कवायत ठेवलेली होती. तरी ते नाहीच म्हणाले, कारण प्रश्न दातांचा उरलाच नव्हता, देणाऱ्यावरचा विश्वास गेला होता. (लोक थकले की ऑफिसातून माइंडफुलनेसच्या वेबिनारची लिंक येते, तेव्हा मला ही हाताने फाडायची सवलत आठवते.) त्यांचं कोर्टमार्शल झालं, बहुतेकांना दहा वर्षांची सक्तमजुरी झाली. ९ मेला सगळ्या फौजेसमोर त्यांच्या पायांत बेड्या ठोकल्या आणि १० मेला मेरठ पेटलं.

म्हणजे ही गोष्ट आमच्या वाक्प्रचाराच्या बरोबर उलटी आहे.

खरी नोंद सापडते ती फ्रान्सिस ग्रोस नावाच्या एका इंग्रज गृहस्थाकडे. त्याने १७८५ मध्ये लंडनच्या रस्त्यावरच्या, दारूच्या गुत्त्यांतल्या, शिपायांच्या तोंडच्या शब्दांचा एक कोश काढला. सभ्य कोशांत जे शब्द घेत नाहीत ते सगळे त्यात. त्याच्या नंतरच्या एका आवृत्तीत 'नाइटिंगेल' हा शब्द आहे. नाइटिंगेल म्हणजे गाणारा पक्षी, आपण बुलबुल म्हणू. पण शिपायांच्या भाषेत बुलबुल म्हणजे फटके बसताना ओरडणारा सैनिक. नऊ पदरी चाबकाने उघड्या पाठीवर फटके मारायची शिक्षा तेव्हा इंग्रज फौजेत सर्रास होती. काही पलटणींत ओरडायचं नाही हा अभिमानाचा विषय होता. आपण बुलबुल होऊ नये म्हणून ते शिपाई शिशाची गोळी दातांत धरून चघळायचे, असं ग्रोस सांगतो. शिसं मऊ असतं, दात रुतायला जागा देतं.

इथे मी बराच वेळ थांबलो. मला वाटत होतं गोळी चावणारा माणूस शत्रूच्या हल्ल्यात सापडलेला असेल. पण हे फटके त्याच्या स्वतःच्या फौजेचे होते. ज्या सैन्यासाठी तो मरायला तयार होता तेच सैन्य त्याला मारत होतं, आणि न ओरडण्याचा मान पुन्हा त्याच सैन्याने त्याला दिलेला होता. फटके मारणाऱ्याला यापेक्षा सोयीची व्यवस्था कुठली? मार खाणाराच आवाज बंद ठेवण्याची जबाबदारी घेतो, वर त्याला त्याचा अभिमानही वाटतो.

लोकांच्या डोक्यात मात्र या वाक्प्रचाराचं दुसरंच चित्र आहे: भूल देण्याच्या आधीच्या काळातलं ऑपरेशन. बोस्टनमध्ये इथर देऊन शस्त्रक्रिया करून दाखवली गेली १६ ऑक्टोबर १८४६ ला. त्याआधी पाय कापायचा तर शुद्धीत. तेव्हा जखमी सैनिकाच्या दातांत गोळी देत, अशी कथा. प्रत्यक्षात चामड्याचा पट्टा किंवा लाकडाचा तुकडा जास्त शहाणपणाचा, कारण गोळी घशात जायची भीती. जुन्या रणांगणांवर दातांच्या खुणा असलेल्या गोळ्या सापडतात हे खरं, पण त्यातल्या काहींवरचे दात डुकरांचे आहेत असं अभ्यासक सांगतात. ते वाचून मी रात्री दोन वाजता एकटाच हसलो.

पण ऑपरेशन आणि फटके यांतला फरक हसण्यावारी नेण्यासारखा नाही. ऑपरेशनमध्ये वेदना तुझ्या भल्यासाठी असते, तिला शेवट असतो, आणि सुरी धरणाऱ्याला तू जगायला हवा असतोस. फटक्यांमध्ये यातलं काहीच नसतं. दातांत गोळी मात्र दोन्हीकडे तीच. आणि 'बाइट द बुलेट' म्हणणारा प्रत्येक जण ऑपरेशनबद्दलच बोलत असतो. मीही तसाच बोललो होतो. मला खरंच वाटत होतं की तीन महिन्यांत हे संपेल आणि त्या पोराला नवं तंत्रज्ञान शिकायला मिळेल. त्याच्या पाठीवर काय चाललंय ते मी विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर पाळी बदलावी लागली असती. आणि ती बदलायची म्हणजे दुसरं नाव यादीत घालायचं. ते नाव माझं असतं.

*

मग मी मराठीत काय आहे ते बघायला लागलो.

सगळ्यात जवळचा सापडला तो 'तोंड दाबून बुक्क्यांचा मार'. ग्रोसच्या शिपायाचीच गोष्ट, पण आपल्या माणसांनी ती किती वेगळी सांगितलीय बघा. इंग्रजी वाक्प्रचारात एकच माणूस आहे आणि एक गोळी. मारणारा दिसतच नाही. मराठीत बुक्के आहेत, म्हणजे बुक्के मारणारा आहे, आणि तोंड दाबणारा हातही आहे. ही म्हण वापरून कुणाला धीर देता येत नाही. "चला, तोंड दाबून बुक्क्यांचा मार खाऊ या" असं स्टँडअप मीटिंगमध्ये म्हणून बघा.

दुसरा शब्द आमच्या घरातला. 'कळ काढ.' अण्णा पैठणी विणतात, म्हणजे विणायचे. घरातच माग. मी आणि बहीण शाळेतून आलो की कांड्या भरायला बसायचो आणि थोड्याच वेळात कंटाळायचो. अण्णा मागावरूनच म्हणायचे, "जरा कळ काढा, एवढा मोर होऊ दे." कळ म्हणजे दुखणं. काढणं म्हणजे जसे दिवस काढतात तसं. आणि या शब्दाच्या आधी नेहमी 'जरा' किंवा 'थोडी' येतं. "आयुष्यभर कळ काढ" असं कुणी म्हणत नाही. म्हणजे सांगणाऱ्याने एक मुदत कबूल केलेली असते. एवढा मोर झाला की खरंच उठायचं असायचं, अण्णा शब्द मोडत नसत. मी त्या पोराला तीन महिने सांगितले आणि सातव्या महिन्यातही मला माझी मुदत आठवली नाही.

'टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही' ही म्हणही वाटेत भेटली. ती मला लहानपणापासून संशयास्पद वाटत आलीय. एक तर ती सांगणारा कधीच दगड नसतो. दुसरं, टाकीच्या घावांनी जे दगड फुटले आणि खाणीतच पडून राहिले त्यांच्यावर कुणी म्हण केलेली नाही.

आणि 'सोशिक'. हा शब्द कौतुकाचा आहे, पण पुरुषाबद्दल किती वेळा ऐकलाय? पुरुष कणखर असतो, खंबीर असतो. सोशिक सून असते, आई असते. माझी आई तीसेक वर्षं मागाभोवती राबली. तार सांधणं, कांड्या, रंग निवडणं, हिशेब. विणकर कोण असं विचारलं की आम्ही सगळे अण्णांचं नाव सांगायचो.

*

आता ज्याच्यापाशी यायचं मी टाळतोय ते सांगतो.

पैठणीचा पदर सावकाश होतो. त्यावरचा मोर कुठल्या यंत्राने उमटत नाही. एकेका रंगाचा धागा वेगळ्या छोट्या कांडीवरून हाताने ताण्यातून घालायचा, शेजारच्या रंगात अडकवायचा, पुढे जायचं. त्यामुळे कापड दोन्ही बाजूंनी जवळजवळ सारखंच दिसतं. नक्षी भरगच्च असेल तर दिवसभरात बोटभर, दोन बोटं काम पुढे सरकतं. हे सगळं काम डोळ्यांचं आहे.

२०२० च्या लॉकडाऊनमध्ये लग्नं थांबली, बाजार थांबला, माग थांबले. मी पुण्याहून पैसे पाठवत होतो आणि फोनवर विचारत होतो, सगळं ठीक ना? "ठीक." पुढे बाजार सुरू झाला तेव्हा अण्णा पुन्हा मागावर बसले. दोन वर्षांपूर्वीच्या दिवाळीत मी घरी गेलो होतो. अण्णांनी मला पाण्याचा तांब्या दिला आणि तो माझ्या हाताच्या चार बोटं बाजूला धरून सोडला. पाणी फरशीवर. आई काही न बोलता फडकं घेऊन आली. ज्या पटकन ती आली त्यावरून मला कळलं की हे पहिल्यांदा होत नाहीये.

नाशिकला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. काचबिंदू. त्यात आधी कडेची नजर जाते, मधली शेवटपर्यंत टिकते, म्हणून माणसाला बरेच दिवस काही कळतच नाही, आणि कळलं तरी तो चालवून नेतो. गेलेली नजर परत येत नाही, रोज थेंब घालून उरलेली सांभाळायची. अण्णांना वर्षभर आधीपासून जाणवत होतं. त्यांना वाटलं मोतीबिंदू असेल, पिकला की काढून टाकू, तोवर कळ काढू. त्या वर्षभरात त्यांनी एक अख्खी पैठणी संपवली होती. आई शेजारी बसून तारा मोजून सांगायची आणि त्यांची बोटं विणायची. मला दोघांनीही सांगितलं नाही.

"का नाही सांगितलं?" मी हॉस्पिटलच्या पायऱ्यांवर जवळजवळ ओरडलोच. अण्णा म्हणाले, "तू तिकडं एकटा. तुझं काम डोक्याचं. तुला कशाला ताप?"

रुडयार्ड किपलिंगची १८९१ ची एक कादंबरी आहे, 'द लाइट दॅट फेल्ड'. हा वाक्प्रचार आजच्या अर्थाने वापरलेला पहिल्यांदा दिसतो तो या पुस्तकात, असं सांगतात. किपलिंग जन्मला मुंबईत, जेजे कला महाविद्यालयाच्या आवारात, तेव्हा माझा महाराष्ट्राशी जोडलेला धागा अगदीच वाया गेला नाही. कादंबरीचा नायक चित्रकार आहे आणि त्याची दृष्टी जाते आहे. त्याचा मित्र त्याला गोळी चावायला सांगतो, तू घाबरलायस हे लोकांना दिसू देऊ नकोस म्हणून. हे मला कळलं तेव्हा मी लॅपटॉप मिटून ठेवला. रंगांवर जगणारा, नजर जाणारा आणि कुणाला कळू न देणारा माणूस मला पुस्तकात शोधायची गरज नव्हती.

अण्णांचा राग येत नाही असं म्हणणं खोटं ठरेल. त्यांनी माझ्यावरच्या मायेपोटी सोसलं हे मला कळतं. पण त्यांनी माझ्या वतीने एक निर्णय घेऊन टाकला. मी धावून येण्याच्या लायकीचा आहे की नाही, हे त्यांनी मला न विचारता ठरवलं. मुकाट सोसणाऱ्याचं आपण नेहमी कौतुक करतो, पण त्यात आजूबाजूच्या लोकांच्या हातून काहीतरी काढून घेतलेलं असतं. वर्षभर आधी कळलं असतं तर थेंब वर्षभर आधी सुरू झाले असते.

मग आठवतं की त्यांना हे कुणी शिकवलं. पाहुण्यांसमोर आम्हीच अभिमानाने सांगायचो, "आमचे अण्णा कधी तक्रार करत नाहीत." मी फॉर्ममध्ये लिहिलेलं वाक्य हेच होतं, फक्त इंग्रजीत.

*

आमच्या धंद्यात एक पाप आहे. प्रोग्राम चालता चालता काही बिघडलं की तो एक एक्सेप्शन फेकतो. ओरडतोच म्हणा. तो पकडून त्याचं काहीतरी करायचं असतं. पण घाईत असलेला किंवा आळशी प्रोग्रामर तो पकडतो आणि आत काहीच लिहीत नाही, रिकामा ब्लॉक. याला आम्ही 'एक्सेप्शन गिळणं' म्हणतो. डॅशबोर्डवर सगळं हिरवं. महिन्यांनी कधीतरी कळतं की हजारो व्यवहार वाटेत हरवलेत, आणि तेव्हा कुठून सुरुवात झाली ते शोधायला एकही खूण नसते. कोड तपासताना असा रिकामा ब्लॉक दिसला तर मी तो परत पाठवतो, थोडा भाषणही देतो. ओरडणारी सिस्टिम चांगली, गिळणारी धोक्याची, हे मी नवीन पोरांना शिकवतो. त्या लातूरच्या पोरालाही शिकवलं होतं.

माणसाला मी उलटं शिकवलं.

तरीही, प्रत्येक कळ बोलून दाखवायची असं मला म्हणायचं नाही. तसं केलं तर कुठलाच पदर पूर्ण होणार नाही. अण्णांची पाठ तीस वर्षं दुखत होती आणि त्यातली बरीच दुखणी त्यांनी स्वतः निवडलेली होती. त्यांना विणायचं होतं. मला इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षी काही कळायचं नाही, चार विषय राहिले होते, तेव्हा मी दात मिटून बसलो आणि त्याचा मला आजही पश्चात्ताप नाही. निवडलेलं दुखणं आणि तोंडात कोंबलेलं दुखणं वेगळं. अडचण अशी की बाहेरून दोन्ही सारखीच दिसतात. मिटलेल्या दातांवरून आत काय आहे ते ओळखता येत नाही, विचारावंच लागतं.

तत्त्वज्ञानाच्या वर्गात या वाक्प्रचाराला तिसराच अर्थ आहे, आणि तो मला सगळ्यात कठीण वाटतो. समजा तुम्ही म्हणालात, ज्यातून जास्तीत जास्त लोकांचं भलं होतं तेच योग्य. कुणी विचारतं, मग दंगल थांबवायला एका निरपराध माणसाला फाशी देणंही योग्य? इथे बहुतेक लोक शब्द फिरवतात. जे. जे. सी. स्मार्ट नावाचा ऑस्ट्रेलियातला तत्त्वज्ञ म्हणाला, मला ते आवडत नाही, पण माझ्या भूमिकेतून ते निघत असेल तर मला ते मान्य करावं लागेल. याला तिथे गोळी चावणं म्हणतात. आपल्या म्हणण्याचा शेवट कडू निघाला तरी तो नाकारायचा नाही. स्मार्टची फाशी मला पटत नाही. त्याचं न पळणं पटतं.

आणि या अर्थाने गोळी चावल्याचं मला माहीत असलेलं सगळ्यात मोठं उदाहरण माझ्याच गावातलं आहे.

नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह २ मार्च १९३० ला सुरू झाला. पाच वर्षं लोक त्या दारासमोर बसले, दगड खाल्ले, तुरुंगात गेले. सोसण्यात काही कमी ठेवलं नाही. दार उघडलं नाही. मग १३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्याच्या परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी सांगितलं की हा सत्याग्रह आता थांबवा, आणि आपण हिंदू म्हणून जन्मलो ते आपल्या हातात नव्हतं, पण हिंदू म्हणून मरणार नाही. आज तिथे मुक्तिभूमी आहे, १३ ऑक्टोबरला माणसांचा पूर येतो. लहानपणी मला त्या दिवसाबद्दल एवढंच माहीत होतं की एसटी स्टँडवर पाय ठेवायला जागा नसते.

आता त्या दिवसाकडे बघताना मला दोन गोष्टी दिसतात. एक म्हणजे, त्यांनी लोकांना अजून थोडी कळ काढा असं सांगितलं नाही. पाच वर्षं सोसलेलं वाया जाईल हा हिशेब त्यांनी केला नाही. आम्ही सॉफ्टवेअरवाले तो हिशेब रोज करतो, इतका वेळ घातलाय तर अजून एक महिना घालू म्हणतो. दुसरी म्हणजे, जो धर्म समान मानत नाही त्यात राहायचं नाही, हे म्हणणं खरं मानलं तर त्यातून जे निघतं ते त्यांनी स्वीकारलं. त्यानंतरचं सोपं नव्हतं. नागपूरला धम्मदीक्षा झाली ती १४ ऑक्टोबर १९५६ ला, एकवीस वर्षांनी. म्हणजे सोसणं संपलं नव्हतंच. पण दुसऱ्याच्या दाराशी बसून सोसणं वेगळं आणि आपण निवडलेल्या वाटेवर सोसणं वेगळं. मेरठच्या स्वारांनाही नकारानंतर बेड्याच मिळाल्या होत्या.

हे एवढ्या मोठ्या गोष्टींशेजारी माझी रात्रपाळीची यादी ठेवणं विनोदी आहे याची मला कल्पना आहे. पण माझ्या हातात यादीच आहे. सोसायला लावणारा आणि सोसणारा एकच नसावा हे चूक आहे, असं मी इतकी पानं म्हणत असेन, तर त्यातून काहीतरी माझ्या अंगावर निघणारच. रात्रपाळीत आता माझंही नाव असतं. पहिल्या आठवड्यात मला पहाटे चार वाजता उलटी झाली. मी ते सकाळच्या मीटिंगमध्ये सांगितलं, फारच ऑकवर्ड शांतता पसरली, आणि मग एकेक करून चार जणांनी आपापलं सांगितलं. एकाने सात महिन्यांपूर्वीचं सांगितलं. यादी आता अजून दोन टीममध्ये वाटली गेलीय. काम थोडं उशिरा झालं. क्लायंटने त्यावर काय म्हटलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

त्या लातूरच्या पोराला मी लांबलचक मेसेज केला होता. माफी मागितली, तो फॉर्म, ते वाक्य, सगळं लिहिलं. दहा मिनिटांत उत्तर आलं: "अरे दादा, इट्स ओके, त्यात काय एवढं." माझ्यासमोर त्याने अजूनही तोंड उघडलेलं नाही. उघडावं असं कारण मी त्याला दिलेलंही नाही.

अण्णांशी रोज रात्री बोलतो. माग विकला नाही, आई त्याच्यावर सुकवलेल्या कुरडया झाकून ठेवते. रोजचं बोलणं ठरलेलं. थेंब घातले का? घातले. दिसतंय का? दिसतंय. ठीक ना? ठीक. या 'ठीक'वर माझा आता विश्वास नाही, म्हणून मी कधी कधी आईला वेगळा फोन करतो, मग आई म्हणते, त्यांनाच विचार की.

परवा सकाळी अकराला, ऐन मीटिंगमध्ये, अण्णांचा फोन आला. ते दिवसा कधीच करत नाहीत. मी उचलला.

"कामात आहेस का? नंतर करू?"

"नाही, बोला."

थोडा वेळ नुसता मागचा आवाज, रस्त्यावरून जाणाऱ्या कुठल्यातरी बुलेटचा.

"डाव्या डोळ्यानं जरा धुरकट दिसतंय," ते म्हणाले. "आज सकाळपासून. म्हटलं तुला सांगावं."